एस्त्रेइतोत फाटक शोधू नका

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात वाइन पर्यटन रुजलं आणि मराठी पर्यटकाच्या मनात त्याचं एक चित्र पक्कं झालं. मोठं फाटक, गाडी लावायला ऐसपैस जागा, सरळ रांगांत उभी असलेली बाग, टाक्या दाखवणारा चुणचुणीत मार्गदर्शक आणि शेवटी बागेकडे तोंड करून बसवलेला टेस्टिंग काउंटर. हेच चित्र घेऊन कोणी अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर, एस्त्रेइतो दे कामारा दे लोबोश या जुन्या द्राक्षगावात उतरलं, तर पहिला अर्धा तास गोंधळात जातो. गावात चर्च आहे, त्याच्यासमोर मोकळी जागा आहे, मांस भाजणाऱ्या खानावळी आहेत, बँक आहे, बसथांबा आहे. द्राक्षबाग मात्र कुठे दिसत नाही.

ती असते घरांच्या मागे, दोन घरांच्या मधे, गोठ्याच्या वर, कधी रस्त्याच्या कठड्याला लागून. पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे, एकाखाली एक उतरत गेलेले. इथल्या नामांकित वाइन कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या बागा थोड्याच. बहुतेक द्राक्ष त्या अशा शेकडो छोट्या शेतकऱ्यांकडून विकत घेतात. म्हणून एस्त्रेइतोला जाताना ‘वाइनरी बघायची’ हा बेत बाजूला ठेवावा. गाव बघायचं ते पाण्याच्या पाटाकाठाने चालत. वाइन चाखायची ती खाली किनाऱ्यावर किंवा राजधानी फुंशालमध्ये. ही दोन कामं वेगळी केली की सहल जमून येते.

मदेरा हे पोर्तुगालचं स्वायत्त बेट. लिस्बनहून विमानाने दीड-पावणेदोन तासांवर, आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर. लांबी सुमारे ५७ किलोमीटर, रुंदी २२ आणि मधोमध १,८६२ मीटरचं पिको रुइव्हो शिखर. आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीतून निघालेला काळा बेसॉल्ट, पण सपाटी जवळजवळ नाहीच. त्यामुळे डोंगराच्या अंगावर दगडी बांध घालून, त्यामागे माती भरून अरुंद पायऱ्या तयार केल्या गेल्या. त्यांना इथे ‘पोयुश’ म्हणतात. यंत्र शिरायला जागा नसल्याने आजही छाटणीपासून तोडणीपर्यंत बहुतेक काम हातानेच होतं. सगळ्या बेटावर मिळून वाइनच्या द्राक्षांचं क्षेत्र पाचशे हेक्टरच्या आसपासच भरतं आणि त्यातला मोठा वाटा कामारा दे लोबोश या नगरपालिकेच्या उतारांवर आहे. एस्त्रेइतो त्याच उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर वसलेलं.

या वाइनचा हिंदुस्थानाशी जुना संबंध आहे, आणि तो समजला की पेल्यातली चवही समजते. पोर्तुगीज १४१९ मध्ये बेटावर उतरले. पुढे युरोपातून पूर्वेकडे निघालेली जहाजं इथे पाणी, धान्य आणि वाइनची पिंपं भरून घेऊ लागली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजंही फुंशालला थांबत, आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्यातल्या गोऱ्या साहेबांच्या मेजावर मदेरा असे. एरवी अशा प्रवासात वाइन नासायची. ही मात्र उष्ण कटिबंधातून, हेलकावे खात, महिनोन्‌महिने उकाड्यात राहून उलट सुधारते, असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. मग मुद्दाम पिंपं हिंदुस्थानापर्यंत नेऊन परत आणण्याची पद्धत पडली. अशा फेरी मारून आलेल्या मालाला जास्त भाव मिळे. हा खर्च वाचवण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरच वाइन तापवायला सुरुवात झाली आणि तेव्हापासून आजवर मदेराच्या प्रत्येक बाटलीला ऊब दिली जाते.

गोव्याच्या वाचकाला आणखी एक धागा सापडेल. १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा तो फुंशालच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होता. म्हणजे काही वर्षं जुन्या गोव्यातली चर्चं कागदोपत्री या बेटाकडे बघत होती. फुंशालचं कॅथीड्रल त्या काळातलंच आहे; शहरात असताना तिथे डोकवायला पंधरा मिनिटं पुरतात.

आता केव्हा जायचं ते. ऑगस्टच्या उत्तरार्धात खालच्या, उबदार भागातली तोडणी सुरू होते आणि उंचावरची द्राक्षं सप्टेंबरअखेर, कधी ऑक्टोबरपर्यंत उतरतात. एस्त्रेइतोतला तोडणीचा उत्सव सप्टेंबरच्या सुरुवातीला असतो. मिरवणूक निघते, लोकवेशातली माणसं टोपल्या घेऊन चालतात, दगडी-लाकडी कुंडात उतरून द्राक्षं पायाने तुडवली जातात. पूर्वी डोंगरातून रस रवाना व्हायचा तो बकऱ्याच्या कातड्याच्या पखालींतून. त्या खांद्यावर घेऊन पुरुष ओळीने गात उतरत, त्यांना ‘बोराशेइरु’ म्हणत. उत्सवात त्यांचीही आठवण काढली जाते. हे सगळं आता बरंचसं पाहुण्यांसाठी मांडलेलं आहे, हे उघडच आहे. तरी तुडवणारे आणि टाळ्या वाजवणारे निम्मे लोक गावातलेच असतात, त्यामुळे ते पोकळ वाटत नाही. गर्दी नको असेल त्यांनी उत्सवानंतरचा आठवडा धरावा. तोडणी चालूच असते, खोल्या स्वस्त होतात, आणि सकाळी छोट्या मालवाहू गाड्यांवर क्रेट चढताना दिसतात. हिवाळ्यात वेली निष्पर्ण असतात. चालायला हवा छान, पण द्राक्षगाव बघायला आलेल्याची निराशा होते.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. युरोपातला उन्हाळा म्हणजे भेटीच्या वेळांची मारामारी, त्यामुळे शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. मुंबई किंवा गोव्याहून आखात वा युरोपमार्गे लिस्बन, आणि तिथून फुंशाल. इथे एक इशारा महत्त्वाचा. फुंशालची धावपट्टी डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे आणि तिचा मोठा भाग खांबांवर उभा आहे. वारा आडवा सुटला की विमानं घिरट्या घालतात, शेजारच्या पोर्तो सांतो बेटाकडे वळतात किंवा लिस्बनला परत फिरतात. असं अधूनमधून होतंच. म्हणून परतीचं मुंबईचं विमान फुंशाल सोडण्याच्या दिवशीच ठेवू नये. मधे लिस्बनची एक रात्र ठेवावी. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर हे पथ्य सक्तीचंच समजावं.

राहायला फुंशाल सोयीचं. तिथून कामारा दे लोबोश जेमतेम नऊ किलोमीटर, आणि एस्त्रेइतो तिथून वर चढणीला. बस जाते, रविवारी फेऱ्या कमी होतात. टॅक्सी पिवळ्या, निळ्या पट्ट्याच्या. गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. वाहतूक उजव्या बाजूने आहे आणि गावातले चढ असे की पहिल्या गिअरमध्ये क्लच जळल्याचा वास येतो. ऑटोमॅटिक गाडी मागावी, आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवावा. आणि ज्या दिवशी वाइन चाखायची आहे त्या दिवशी गाडी हॉटेलात राहू द्यावी, कारण पोर्तुगालमध्ये चालकाच्या रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि मदेरा ही साध्या वाइनपेक्षा बरीच कडक.

खरं एस्त्रेइतो कळतं ते लेवाडाच्या काठाने. लेवाडा म्हणजे पाट. बेटाच्या उत्तरेला भरपूर पाऊस आणि घनदाट जंगल, दक्षिणेला ऊन आणि शेती. पाणी एकीकडे, पीक दुसरीकडे. हे अंतर तोडण्यासाठी पंधराव्या शतकापासून डोंगराच्या कडेकडेने पाट खोदले गेले, आणि त्या कामात गुलामांचे आणि कैद्यांचेही हात होते. एस्त्रेइतोवरून जाणारा ‘लेवाडा दो नोर्ते’ त्या मानाने नवा, विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला. त्याचं पाणी आधी वीजकेंद्रातून जातं आणि मग शेतीला मिळतं. पाटाची राखण करायला ‘लेवादेइरु’ असतो. कोणाच्या शेतात कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं ते तो बघतो. धुळे-नाशिककडची फड पद्धत आणि तिथला पाटकरी ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा माणूस परका वाटणार नाही. छोटी लोखंडी झडप, वहीतली पाळी आणि पाळीवरून होणारी कुरबूर, सगळं तेच.

या पाटाचा काबो जिरांव या कड्यापासून एस्त्रेइतोपर्यंतचा टप्पा नवख्यांनी निवडावा. टॅक्सीने किंवा बसने काबो जिरांवच्या बाजूला उतरून, पाट गाठून, गावाकडे चालत यावं. वाट जवळपास सपाट आहे, कारण पाण्याला उतार अगदी थोडा लागतो. फोटो काढत, थांबत गेलं तरी अर्ध्या दिवसात निवांत होते. मात्र काही ठिकाणी पाय ठेवायला पाटाचा कठडाच काय तो असतो आणि एका बाजूला दरी. उंचीची भीती असणाऱ्यांनी अशा जागी मागे फिरायला संकोच करू नये. तळव्याला पकड असलेले बूट, पातळ जर्किन आणि टॉर्च हवाच, कारण लेवाडांच्या वाटेवर बोगदे लागतात. ढग बघता बघता खाली उतरतात. फुंशालला लख्ख ऊन असताना एस्त्रेइतो धुक्यात असणं नेहमीचं. बेटावरच्या काही अधिकृत पायवाटांना आता शुल्क आणि आगाऊ नोंदणी लागू झाली आहे, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी त्या वाटेची स्थिती बघून घ्यावी. पावसानंतर दरडींमुळे वाटा बंदही होतात.

चालताना बागा अगदी हाताशी येतात. वेली ‘लाताडा’वर चढवलेल्या असतात, म्हणजे आपल्या द्राक्ष बागायतदारांच्या भाषेत मांडवावर. फरक उंचीचा. नाशिककडचा मांडव डोक्यावर असतो. इथला अनेकदा कमरे-छातीएवढाच, त्यामुळे तोडणी करणारा वाकून, कधी बसून पुढे सरकतो. मांडवाखालची जमीन रिकामी ठेवायची चैन कोणालाच परवडत नाही. तिथे बटाटा, कोबी, रताळी, घेवडा. मांडवामुळे घड जमिनीच्या ओलीपासून वर राहतो आणि वारा खेळतो. या बेटाच्या दमट हवेत ते फार गरजेचं, कारण भुरीने हे गाव एकदा पार मोडलेलं आहे. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला भुरी आली आणि तिने बागा उजाड केल्या. तिच्यातून सावरतात न सावरतात तोच १८७२ मध्ये मुळं खाणारा फायलोक्सेरा आला. अनेकांनी द्राक्षं काढून ऊस आणि केळी लावली. उतारावरून खाली बघितलं की समुद्राकडे केळीच केळी दिसते, तिचं एक कारण हे. काहींनी इझाबेला, जाके अशा काटक अमेरिकन जाती लावल्या. त्यांची वाइन अधिकृत मदेरात चालत नाही, पण घरगुती पिंपांत ती अजून असते आणि एखाद्या खानावळीत सांगितलं तर पुढ्यातही येते. चव रांगडी. एक पेला पुरे.

शिष्टाचार साधा आहे. पाट सार्वजनिक, बाग खासगी. घड तोडू नये, फोटोसाठी मांडवाखाली घुसू नये. समोरून कोणी आलं की दुपारपर्यंत ‘बों दिया’ आणि नंतर ‘बोआ तार्द’ म्हणावं. एवढ्यावर पुष्कळदा गप्पा सुरू होतात. टोपली किंवा क्रेट घेऊन येणाऱ्याला वाट द्यावी. अरुंद कठड्यावर ओझंवाल्याचा मान पहिला.

आता चाखण्याविषयी. कामारा दे लोबोशमध्ये १८५० साली स्थापन झालेल्या हेन्रिकेश इ हेन्रिकेशचं केंद्र आहे. फुंशालमध्ये १८११ पासूनचं ब्लँडीज आणि जुन्या वर्षांच्या साठ्यासाठी नावाजलेलं द’ओलिव्हेइराज. पहिल्यांदाच येणाऱ्याने ब्लँडीजची मार्गदर्शकासोबतची फेरी घ्यावी, आधी नोंदवून. माळ्यावरची उबदार लाकडी पिंपं बघितल्याशिवाय ही वाइन काय आहे ते नीट कळत नाही. समजून घ्यायची गोष्ट एवढीच: किण्वन मधेच थांबवण्यासाठी रसात द्राक्षाचा तीव्र मद्यार्क मिसळतात. लवकर थांबवलं तर साखर जास्त उरते, उशिरा थांबवलं तर कमी. मग वाइनला उष्णता देतात. स्वस्त मालाला टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने. चांगल्या मालाला माळ्यावर, छपराच्या नैसर्गिक उबेत, पिंपात वर्षानुवर्षं. दुसऱ्या पद्धतीला ‘कान्तेइरु’ म्हणतात. लेबलवर किंवा बोलण्यात हा शब्द आला की कान टवकारावेत.

चाखण्याचा क्रम कोरड्याकडून गोडाकडे. सेर्सियाल सर्वांत कोरडी आणि आंबट. तिची द्राक्षं एस्त्रेइतोच्याही वर, जार्दिं दा सेर्राच्या थंड उतारांवर पिकतात. नंतर व्हेर्देल्यो, मग बुआल, शेवटी माल्वाझिया. ही चार नावं लेबलवर असतील तर त्या जातीची द्राक्षं किमान ८५ टक्के असावी लागतात. पण एस्त्रेइतोच्या मांडवांवर सर्वाधिक दिसते ती काळी तिंता नेग्रा. तिच्यापासून चारही प्रकारची वाइन करता येते आणि बेटावरची बहुतेक वाइन तिचीच. जुने जाणकार तिला दुय्यम मानायचे. दहा वर्षांची एखादी चांगली तिंता नेग्रा चाखली की तो तोरा पटत नाही. लेबलवर ‘५’, ‘१०’, ‘१५’ असे आकडे वयाचे. ‘कोल्येइता’ म्हणजे एकाच वर्षाची, निदान पाच वर्षं पिंपात राहिलेली. ‘फ्राश्केइरा’ म्हणजे निदान वीस. जे चार पेले मिळतात त्यात तीन वर्षांची वाइन घेण्यापेक्षा पेले कमी करून दहा वर्षांच्या दोन घ्याव्यात. पैसे तितकेच, शिकायला दुप्पट.

मद्य न घेणाऱ्या सोबत्याचीही इथे अडचण होत नाही. पाटाची वाट, बागा, पिंपांचे माळे हे सगळं त्याच्यासाठीही आहेच.

जेवणाचा खरा मान एस्त्रेइतोचा. ‘एश्पेताडा’ म्हणजे लसूण आणि खडेमीठ लावलेले गोमांसाचे तुकडे तमालपत्राच्या जातीच्या झाडाच्या काठीत ओवून निखाऱ्यावर भाजलेले. हा पदार्थ याच गावचा म्हणून ओळखला जातो. सळई टेबलावरच्या आकड्याला टांगून देतात आणि वाढणं ज्याचं त्याने. गोमांस न खाणाऱ्यांनी मागवण्याआधी स्पष्ट विचारावं. काळ्या पापलेटाची वगैरे अपेक्षा इथे नको, पण खोल समुद्रातला लांबट काळा ‘एश्पाडा’ मासा सर्वत्र मिळतो, तळलेल्या केळ्यासोबत. नाताळच्या सुमारास घरोघर लसूण आणि आंबवणीत मुरवलेलं डुकराचं मांस होतं; गोव्याच्या विंदालूचा हा बिनमिरचीचा पूर्वज.

शाकाहाऱ्यांनी ‘सें कार्न, सें पेश’, मांस नको, मासे नको, एवढं पाठ करावं. बोलो दो काको ही रताळं घातलेली, तव्यासारख्या दगडावर भाजलेली जाड भाकरी गरम लसूणलोण्यासोबत येते आणि तिच्यावर एक जेवण निघतं. सोबत ‘मिल्यो फ्रितो’, म्हणजे मक्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या. टोमॅटो-कांद्याच्या सुपात बहुतेक वेळा अंडं सोडतात, तेव्हा नको असेल तर आधी सांगावं.

कामारा दे लोबोश गावात रंगीत होड्यांचं बंदर आहे. १९५० च्या जानेवारीत विन्स्टन चर्चिल इथे कॅनव्हास मांडून बसले होते, आणि गाव ते अजून कोणाला विसरू देत नाही. बंदराजवळच्या गल्लीतली ‘पोंशा’ उसाची दारू, मध आणि लिंबाची. सरबतासारखी लागते आणि तिथेच फसगत होते. काबो जिरांवचा कडा ५८० मीटरचा, त्याच्या टोकावर काचेचा तळ असलेला सज्जा आणि माफक प्रवेशशुल्क. बंदरात मोठी पर्यटक जहाजं लागलेली असतील त्या दिवशी सकाळी उशिरा तिथे रांग असते. लवकर जावं किंवा संध्याकाळी. त्याच कड्याच्या पायथ्याशी फाजां दुश पाद्रेश हा समुद्रालगतचा चिमुकला पट्टा आहे. केबल कारने उतरायचं. तो एके काळी जेझुइटांकडे होता आणि तिथली माल्वाझिया प्रसिद्ध होती. आज तिथे द्राक्षांसोबत केळी आणि आंबाही आहे. वारा जास्त असला तर केबल कार थांबते, म्हणून उतरण्याआधी परतीची शेवटची वेळ विचारून घ्यावी.

बाटल्या आणायच्या तर भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येतं. मदेराच्या बाटल्या पाऊण किंवा अर्ध्या लिटरच्या असतात. अर्ध्या लिटरच्या चार वेगवेगळ्या प्रकारच्या घेतल्या की हिशेब बरोबर बसतो. लिस्बन आणि पुढचं विमानतळ धरून दोनदा तपासणी होणार, त्यामुळे त्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. घरी आणल्यावर बाटली आडवी न ठेवता उभी ठेवावी. फ्रीजमध्ये जागा करायची गरज नाही, मुंबईच्या मे महिन्याचीही धास्ती नको. ही वाइन तापूनच तयार झालेली आहे. बूच उघडल्यावरही ती कित्येक महिने टिकते. देण्याआधी मात्र सेर्सियाल थोडी थंड करावी, आणि माल्वाझिया जेवणानंतर, लहान पेल्यात.